लहान दुकान आणि इंटरनेटवरील जाहिरात

(नभोवाणीवरील भाषण)

नाताळाला महिनाभर अवकाश होता. शाळा सुटण्याच्या सुमारास माझ्या एका माजी विद्यार्थ्याची आई मला भेटावयास आली. पतीच्या पश्चात ती बेळगावात घरच्या भट्टीवर केक, बिस्किटे आणि नाताळचा फराळ करून विकते व त्यावर दोन मुलांचे शिक्षण चालविते. तिच्या हातात एक पावती होती. ती म्हणाली, "सर, बारा हजार रुपये दिले. गूगलवर तुमचे दुकान पहिल्या क्रमांकावर आणून देतो म्हणाले. तीन महिने झाले, एक फोन आला नाही." ते पैसे तिने नव्या भट्टीसाठी साठविले होते.

पावती वाचून मला वाईट वाटले, कारण जी वस्तू तिला विकण्यात आली होती ती मुळी विकत मिळतच नाही. म्हणून आज दोन प्रश्नांचा विचार करू. पैसा थोडा असेल तर इंटरनेटवर जाहिरात कशी करावी, आणि कोणत्या गोष्टीसाठी पैसा मुळीच देऊ नये?

प्रथम फुकट मिळणाऱ्या गोष्टी पाहू. एखादा मनुष्य "जवळची बेकरी" असे शब्द टाकून शोध करतो, तेव्हा नकाशासह काही दुकानांची नावे त्याच्यापुढे येतात. त्या यादीत आपले दुकान नोंदविण्यास गूगल काहीही आकार घेत नाही. दुकानांचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असे गूगलनेच जाहीर केले आहे: मागणीशी दुकानाचा मेळ किती, अंतर किती आणि दुकानाचा लौकिक किती. याच ठिकाणी त्यांनी हेही सांगितले आहे की, या यादीतील वरचे स्थान पैसे देऊन मिळत नाही. तेव्हा असे स्थान विकावयास जो कोणी येईल, त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवावे.

मात्र नोंद नीट भरावी लागते. पत्ता, दूरध्वनी, उघडण्याच्या व बंद होण्याच्या वेळा, सुट्ट्यांचे दिवस आणि स्वतः काढलेली छायाचित्रे तीत असावीत. दुकान बंद असता नोंदीत ते उघडे दिसले, तर व्यर्थ हेलपाटा पडलेला गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. आमच्या सीमाभागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. येथे एक गिऱ्हाईक मराठीत शोधतो, दुसरा कन्नडमध्ये, तिसरा इंग्रजीत. म्हणून आपल्या मालाचे वर्णन व छायाचित्रांखालील मजकूर या तिन्ही भाषांत लिहिणे शहाणपणाचे. दुकानाचे नाव मात्र पाटीवर असेल तसेच द्यावे. नावापुढे "उत्तम, स्वस्त, बेळगाव" अशी शेपटे जोडणे गूगलच्या नियमांत बसत नाही.

दुसरे फुकट साधन व्हॉट्सॲपचे. छोट्या धंद्यांसाठी त्यांनी २०१८ साली वेगळे ॲप काढले आणि २०१९ साली त्यात मालाची सचित्र यादी ठेवण्याची सोय केली. एकाच वेळी पुष्कळांना संदेश धाडावयाचा तर त्यातील साध्या यादीत २५६ जणांची मर्यादा आहे, आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला असेल त्यालाच तो संदेश पोहोचतो. काहींना हे बंधन जाचक वाटते. मला ते हिताचे वाटते. ज्याने क्रमांक जपून ठेवला, त्याला आपली वार्ता हवी आहे. ज्याला नको आहे त्याच्या कानाशी रोज ढोल वाजविल्याने केक खपत नाहीत, उलट ओळख तुटते.

आता पैसे देऊन करावयाच्या जाहिरातीकडे वळू. गूगलवर कोणी शोध करताच, त्या शब्दांसाठी बोली लावणाऱ्यांचा क्षणार्धात लिलाव होतो. त्यात केवळ बोलीचा आकडा पाहिला जात नाही. जाहिरात शोधाशी जुळते का, आणि ती दाबल्यावर उघडणारे पान उपयोगी आहे का, हेही पाहिले जाते. म्हणून नेमके लिहिणारा लहान दुकानदार कधीकधी मोठ्या बोलीवाल्याला मागे टाकतो. आपण लावलेली बोली ही वरची मर्यादा असते. प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी द्यावे लागते.

परंतु हिशेब केल्यावाचून त्यात उतरू नये. समजा, महिन्यास तीन हजार रुपये खर्चावयाचे आहेत आणि जाहिरात एकदा दाबली जाण्यास दहा रुपये पडतात. म्हणजे तीनशे माणसे आली. त्यांतील शंभरांपैकी तिघांनी माल घेतला, तर नऊ गिऱ्हाईक मिळाले, आणि प्रत्येकामागे सुमारे ३३३ रुपये खर्च झाला. एका केकवर नफा १२० रुपये असेल, तर तोच गिऱ्हाईक निदान तीनदा आल्यावाचून खर्चही भरून निघत नाही. जाहिरात पाहणारे किती, याला या हिशेबात काही किंमत नाही. परत येणारे किती, यावर सारे अवलंबून आहे.

पैसा वाया जाण्याची आणखी एक वाट सांगतो. जाहिरात कोठे दिसावी हे ठरविताना गूगलच्या मूळ मांडणीत त्या गावातील माणसांबरोबरच त्या गावाविषयी रस असणारी दूरची माणसेही धरलेली असतात. ताजा केक विकणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? ती मांडणी बदलून केवळ गावातली माणसे निवडावीत. तसेच रोजचा आकडा शंभर ठेवला, तर एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पटही खर्च होऊ शकतो, पण महिन्याची बेरीज रोजच्या सरासरीने ठरलेल्या रकमेपलीकडे जात नाही. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक पहिल्याच आठवड्यात घाबरून जातात.

लौकिकाविषयी दोन शब्द. समाधान पावलेल्या गिऱ्हाइकास "आपला अभिप्राय लिहा" असे म्हणण्यात काही गैर नाही. सवलत देऊन किंवा पैसे मोजून अभिप्राय लिहवून घेणे मात्र अप्रामाणिकपणाचे आहे. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, आणि फसव्या जाहिरातींबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दंडाची तरतूद आहे. वाईट अभिप्राय आला तर रागावू नये. शांतपणे उत्तर लिहावे, कारण ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे शंभर गिऱ्हाईक अधिक लक्षपूर्वक वाचतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, किल्ली आपल्या हाती असावी. त्या बाईंच्या दुकानाची नोंद त्या मंडळींनी स्वतःच्याच खात्यात केली होती, त्यामुळे चुकलेली वेळही तिला दुरुस्त करता येईना. मालकी मागण्याची सोय गूगलने ठेवलेली आहे. तिच्या मुलाने तसा अर्ज केला, दुकान आपलेच असल्याचा पुरावा दिला आणि नोंद परत मिळविली. बारा हजार रुपये मात्र परत आले नाहीत. तेव्हा खाते आपल्या नावाने उघडावे, परवलीचा शब्द आपणच ठेवावा आणि फोनवर येणारा ओटीपी कोणासही सांगू नये.

किल्ली आपल्या हाती असली, तरी घर दुसऱ्याचे आहे हेही विसरू नये. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा केवळ त्याच्यावर विसंबून असलेल्या अनेकांचा प्रेक्षकवर्ग रातोरात नाहीसा झाला. म्हणून आपल्या गिऱ्हाइकांची नावे व क्रमांक, त्यांच्या संमतीने, एका वहीत उतरून ठेवावेत. ती वही कोणी बंद करू शकत नाही.

हे सारे नवे वाटते, पण त्यामागचे तत्त्व जुनेच आहे. याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. १९२० साली किर्लोस्करवाडीहून "किर्लोस्कर खबर" हे पत्र निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती देता देता ते घरोघर वाचले जाणारे मासिक झाले. गिऱ्हाइकाला प्रथम काही उपयोगाचे द्यावे, मग त्याने आपला माल घ्यावा, ही रीत तेव्हाची आहे. केक किती दिवस टिकतो, अंड्यावाचून कसा करतात, एवढे जरी त्या बाईंनी प्रामाणिकपणे लिहिले तरी तेच काम होते.

त्या नाताळात तिने एक पैसाही जाहिरातीवर घातला नाही. नोंद दुरुस्त केली, भट्टीतून निघणाऱ्या मालाची छायाचित्रे घातली आणि गल्ल्याशेजारी एक वही ठेवली. येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारी, "आमचे नाव आपल्याला कोठून कळले?" आणि उत्तराप्रमाणे खूण करी. नाताळानंतर ती वही तिने मला दाखविली. बहुतेक खुणा "शेजाऱ्यांनी सांगितले" या रकान्यात होत्या. त्याखालोखाल नकाशाचा रकाना भरला होता. नवी भट्टी अजून आलेली नाही. पण पुढच्या वर्षी पैसा कोठे घालावयाचा आणि कोठे नाही, हे आता तिला कोणास विचारावे लागणार नाही.