‘ही कोण?’ या प्रश्नाचं उत्तर

कल्पना करा. डिसेंबरातली थंडगार सकाळ. रोटेगाव स्टेशन, म्हणजे आमच्या वैजापूरचं रेल्वे स्टेशन. तीन वर्षांनी जर्मनीहून येणारा तुमचा चुलतभाऊ गाडीतून उतरतो आणि त्याच्या मागून पाठीवर भली मोठी सॅक घेतलेली एक जर्मन मुलगी. तुम्हाला लहानपणापासून ओळखणारे रिक्षावाले काका तिच्याकडे बघत विचारतात, ‘ही कोण?’

तुम्ही काय सांगाल?

मी सांगितलं, ‘दादाच्या कंपनीतल्या मॅडम आहेत. प्रोजेक्टसाठी आल्यात.’

खोटं होतं. ती दादाची गर्लफ्रेंड आहे, दोन वर्षांपासून. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. बाहेर काय सांगायचं, ते काकांनी आदल्या रात्री जेवताना ठरवून टाकलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. जर्नलिझम शिकणारी मी, ‘सत्य मांडा’ वगैरे लेक्चर ऐकणारी, सगळ्यात आधी खोटं बोलले. (नावं छापायची नाहीत, असं दादाने बजावलंय. म्हणून तो दादा आणि ती ‘ती’.)

आता तुम्ही म्हणाल, परदेशी गर्लफ्रेंड हा काय आमचा विषय आहे का? थांबा. आपल्या बॅचमधले किती जण मास्टर्ससाठी बाहेर जाऊ राहिलेत, मोजा जरा. आणि परदेशी सोडा; दुसऱ्या जातीची, दुसऱ्या जिल्ह्यातली व्यक्ती घरी आणली तरी दारात पहिला प्रश्न हाच असतो.

हुरडा, शेकोटी आणि २४ डिसेंबर

ती आली २३ डिसेंबरला. परत जाणार १६ जानेवारीला. साडेतीन आठवडे ती माझ्या खोलीत राहिली.

सुरुवात एकदम भारी झाली. शेतात आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसं भाजली. गरम कणीस हातावर कसं चोळायचं हे आजीने तिला शिकवलं. पहिल्या कणसाला तिचा तळवा भाजला, तिसऱ्याला जमलं. लसणाची चटणी, दही, गूळ. आजी मला सारखं विचारायची, ‘पोरगी काय म्हणू राहिली गं?’ मी भाषांतर करून थकले. मग त्या दोघी माझ्याशिवायच बोलायला लागल्या. आजी मराठीत, ती जर्मनमध्ये. चाललं होतं.

२४ तारखेला संध्याकाळपासून ती गप्प होती. जेवली नीट नाही. काकूंना वाटलं भाजी तिखट झाली. रात्री साडेदहाला ती फोन घेऊन गच्चीवर गेली आणि तासभर खाली आली नाही. मी वर गेले तर डोळे लाल.

मग कळलं. आपण ख्रिसमस म्हणजे २५ डिसेंबर समजतो. जर्मनीत घरचा खरा सण २४ च्या संध्याकाळी असतो. सगळं घर एकत्र जमतं, झाडाखालच्या भेटी त्याच वेळी उघडतात. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. आपले साडेदहा म्हणजे त्यांचे सहा. तिकडे सगळे जमले होते आणि ती पहिल्यांदाच त्यांच्यात नव्हती. तिच्यासाठी हे आपण दिवाळीतलं लक्ष्मीपूजन सोडून कुठेतरी जाण्यासारखं होतं. आणि आम्ही तिला एकाही शब्दाने विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, ‘मी घरचा सण सोडून इथे आले, ते याच्या घरच्यांना भेटायला. पण इथे मी याची कोणीच नाही. मी प्रोजेक्ट आहे.’

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

४० रुपये, ६०० रुपये

वेरूळला जायचं ठरलं तेव्हा आजीने अट घातली, वाटेत शिऊरला थांबायचं. शिऊर आमच्याच तालुक्यातलं. तिथे संत बहिणाबाईंची समाधी आहे. सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. ब्राह्मण घरातल्या बाईने कुणबी संताला गुरू मानलं, म्हणून नवऱ्याने मारहाण केली, लोकांनी त्रास दिला. पुढे नवऱ्याचं मन बदललं. हे सगळं त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवलंय. आजीने समाधीपाशी तिला ही गोष्ट सांगितली, मी इंग्रजीत केली. शेवटी आजी म्हणाली, ‘घरचे आधी नाहीच म्हणतात. मग येतात ताळ्यावर.’ काका समोरच उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

वेरूळला तिकिटाच्या रांगेत भारतीयांना ४० रुपये, परदेशी पर्यटकांना ६००. कैलास लेणं आठव्या शतकातलं, एकाच खडकात वरून खाली कोरत आणलेलं. ती तोंड उघडं टाकून बघत बसली. पण दर दहा मिनिटांनी कोणीतरी सेल्फीसाठी यायचं. पाचव्या सेल्फीनंतर ती दादाला म्हणाली, ‘मला तुझी शाळा बघायची आहे. उद्या तिकडे जाऊ.’ शाळेत तिकीट नव्हतं.

व्हिसा नावाचं दुसरं घर

घराच्या दारात जसा प्रश्न विचारतात, तसा देशाच्या दारातही विचारतात. तिने भारताचा ई-टुरिस्ट व्हिसा घरबसल्या ऑनलाइन काढला. उद्या मला त्यांच्याकडे जायचं असेल, तर शेंगेन व्हिसा लागेल. बँक स्टेटमेंट, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा आणि मी नक्की परत येणार याचे पुरावे. राहता येणार १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. म्हणजे प्रेम दोघांचं सारखं असलं तरी पासपोर्टचं वजन सारखं नसतं. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर ‘तूच का नेहमी येत नाहीस?’ यावरून भांडणं होतात.

काकांनी एका रात्री वैतागून म्हटलं, ‘एवढंच आहे तर लग्नच उरकून टाका ना याच सुट्टीत!’ तसंही होत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस देऊन ३० दिवस थांबावं लागतं, आणि त्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवसांचं वास्तव्य लागतं. साडेतीन आठवड्यांच्या सुट्टीत हे गणित बसत नाही. परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डसाठी अर्ज करायचा तर नोंदवलेल्या लग्नाला दोन वर्षं व्हावी लागतात. आज तरी कागदावर ती फक्त टुरिस्ट. निदान घरात तरी तिला टुरिस्ट ठेवू नये, नाही का?

आपल्याकडे हे नवीन नाही

ऑफिसमध्ये हा विषय निघाला तेव्हा मी जुन्या गोष्टी शोधल्या. १९२९ मध्ये सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर सुट्टीत स्वित्झर्लंडला गेले. तिथे त्यांची ईव्ह नावाच्या शाळकरी वयाच्या मुलीशी ओळख झाली. वडिलांचा विरोध पत्करून ती भारतात आली आणि १९३२ मध्ये लखनौला दोघांचं लग्न झालं. ईव्हची सावित्रीबाई खानोलकर झाली. मराठी, संस्कृत, हिंदी शिकली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. आणि परमवीर चक्राचं डिझाइन? ते याच सावित्रीबाईंचं.

दुसरं उदाहरण गेल ऑम्व्हेट यांचं. अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या. इथल्या ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला आल्या, १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या. १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं. ओळखल्या गेल्या मात्र गेल ऑम्व्हेट या नावानेच.

एकीने नाव, पेहराव, सगळं बदललं. दुसरी आपल्या मूळ नावानेच ओळखली गेली. दोघी इथल्याच झाल्या. म्हणजे ‘आपली’ होण्यासाठी साडी नेसता आलीच पाहिजे, भाकरी थापता आलीच पाहिजे, असली काही परीक्षा नसते. ती परीक्षा आपण घेतो.

वाण कोणाला?

१५ जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, घरी हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या सगळ्या काकू-मावश्या. स्टीलचे छोटे डबे वाणाला. तिला काकूंनी कुंकू लावलं आणि वाण देताना हात थांबला. शेजारच्या मावशींनी विचारलंच, ‘हिचं लग्न झालंय का? वाण द्यायचं का हिला? ही नेमकी कोण म्हणायची?’

खोली शांत. मी तिळगुळाच्या ताटाकडे बघत बसले.

आतल्या खोलीतून आजी बाहेर आली. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून हळदीकुंकवाच्या दिवशी आजी आतच बसते. दारात उभी राहून म्हणाली, ‘कोण म्हणजे? आपल्या पोराची हाये ती. दे तिला.’

काकूंनी डबा दिला. तिला शब्द कळले नाहीत, सूर कळला. मग तिने माझ्या कानात विचारलं, ‘आजीला का नाही कुंकू लावलं?’

फर्स्ट इयरला मी हेरवाडवर प्रेझेंटेशन केलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातली ग्रामपंचायत, मे २०२२, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव. चांगले मार्क पडले होते. स्वतःच्या आजीला मात्र मी कधी बाहेर बोलावलं नव्हतं. मी तिला काहीच उत्तर दिलं नाही. पण काकूंनी प्रश्न ऐकला होता. त्यांनी आणखी एक डबा उचलला, दाराशी गेल्या आणि आजीच्या हातात दिला. कुंकू नाही लावलं. नुसता डबा. आमच्या घरात एवढंही पहिल्यांदाच झालं.

तुमच्याकडे कोणी येणार असेल तर…

• येणाऱ्याला ‘कोण’ म्हणून ओळख करून देणार, हे दोघांनी आधीच ठरवा. मैत्रीण सांगायचं असेल तर तेही चालेल, पण ते त्या व्यक्तीला माहीत असू द्या. विमानातून उतरल्यावर कळायला नको.

• परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला असेल, तर यजमानाला २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हॉटेललाच नाही, घरालाही हे लागू आहे.

• त्यांच्याकडचा मोठा सण नेमका कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी असतो, ते विचारा. त्या वेळी वाय-फाय, थोडा एकांत आणि एक गोड पदार्थ, एवढं पुरतं.

• वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. आणि रोज फिरवू नका. तुमची शाळा, तुमचा चहाचा कट्टा, तुमचं शेत दाखवा. लेणी पुस्तकातही असतात.

• भाषांतराचं काम एकट्या बहिणीवर टाकू नका. (हे दादासाठी.)

पुन्हा रोटेगाव

हळदीकुंकवानंतर काका आजीशी रात्रभर बोलले नाहीत. १६ तारखेला मात्र स्टेशनवर स्वतः आले. तिची सॅक त्यांनीच उचलली. प्लॅटफॉर्मवर मार्केट यार्डातले एक ओळखीचे भेटले. कांद्याचा भाव विचारून झाला आणि मग तोच प्रश्न आला, ‘या कोण?’

काका दोन सेकंद थांबले. ‘पाहुण्या आहेत आमच्या घरच्या,’ म्हणाले.

सून नाही म्हणाले, गर्लफ्रेंड तर नाहीच नाही. पण ‘कंपनीतल्या’ हा शब्द गेला होता.

परत येताना रिक्षा त्याच काकांची मिळाली. ‘गेल्या का मॅडम? झाला प्रोजेक्ट?’ त्यांनी विचारलं.

‘प्रोजेक्ट नव्हता काका,’ मी म्हटलं. ‘आमच्या दादाची आहे ती.’

आरशात माझ्याकडे बघून ते म्हणाले, ‘ते तर मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तूच सांगू नव्हती राहिली.’