स्केलेटर हा ही-मॅनचा काका होता का?

हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते लिहितात, "स्केलेटर हा ही-मॅनचा काका, असं आम्ही मित्र लहानपणी पैजेवर सांगायचो. हे आम्हाला कुणी सांगितलं ते आठवत नाही. त्यात काही तथ्य होतं का?"

हा आजवर आलेल्या प्रश्नांतला मला सर्वांत आवडलेला प्रश्न. म्हणून आजचा हप्ता त्यालाच देतो.  

तथ्य होतं. पण ते जगजाहीर व्हायला अनेक वर्षं लागली. या उशिराचं कारण कथेत शोधून सापडत नाही, ते मॅटेल या खेळणी कंपनीच्या विक्रीच्या आकड्यांत आहे.

गेल्या वेळी आपण ही-मॅनची कार्टून मालिका बनवणाऱ्या फिल्मेशन स्टुडिओची काटकसर पाहिली. तीच धाव, तीच उडी, तेच वळून बघणं पुन्हा पुन्हा वापरून त्यांनी १३० भाग उभे केले. त्या भागांत स्केलेटरला भूतकाळ जवळजवळ नाहीच. तो येतो, हसतो, हरतो, मूठ उगारून पळतो. हा माणूस कोण, त्याच्या तोंडाची कवटी कशी झाली, ग्रेस्कल किल्ल्यावर त्याचा एवढा डोळा का, हे कुणी सांगत नाही. मुलांना ही जागा रिकामी दिसली आणि त्यांनी ती भरली. दूरदर्शनवर ही मालिका लागायची तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक मुलांना त्यातलं इंग्रजी धड कळत नव्हतं, म्हणजे भरायला जागा आणखी मोठी!

तिकडे अमेरिकेत खेळण्याच्या पाकिटात प्रत्येक बाहुल्यासोबत एक छोटी चित्रपुस्तिका मिळायची. अगदी शेवटच्या खेपेतल्या, १९८६-८७ च्या सुमाराच्या एका पुस्तिकेचं नाव 'द सर्च फॉर केल्डॉर'. राजा रँडॉर, म्हणजे ही-मॅनचे वडील, आपल्या हरवलेल्या भावाचा, केल्डॉरचा, शोध घेऊ लागतात. हे कळताच स्केलेटर घाबरतो. राजाला सत्य समजलं तर आपला घात होईल म्हणून तो हा शोध हाणून पाडायला निघतो. आता भाऊ सापडू नये म्हणून शत्रू एवढा का धडपडेल? हुशार मुलाला दुसरं उत्तर सुचणारच नाही. पण पुस्तिकेने ते उत्तर दिलं नाही. पुढच्या पुस्तिकेत ते येईल अशी वाट बघायची होती.

पुढची पुस्तिका आलीच नाही. १९८६ मध्ये या खेळण्यांची अमेरिकेतली विक्री सुमारे ४० कोटी डॉलरची होती, १९८७ मध्ये ती ७० लाखांवर आली. दुकानांत माल इतका भरून ठेवला होता की मागणी ओसरताच सगळं एकदम कोसळलं. नव्या बाहुल्या थांबल्या तशा पुस्तिकाही थांबल्या आणि केल्डॉर अधांतरी राहिला. ज्या स्टुडिओने स्केलेटरला चालवलं, हसवलं, त्या फिल्मेशनचंही तेच झालं. स्टुडिओचे प्रमुख लू शायमर यांनी हट्टाने जवळजवळ सगळं चित्रकाम अमेरिकेतच ठेवलं होतं. बाकीचे स्टुडिओ जपान, कोरिया, तैवानला काम धाडत असताना हा माणूस आपल्याच शहरातल्या चित्रकारांना पगार देत राहिला. त्यामुळे तीच धाव पुन्हा वापरण्याबद्दल त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. त्या काटकसरीवर शेकडो घरं चालत होती. पुढे कंपनी विकली गेली आणि ३ फेब्रुवारी १९८९ रोजी नव्या मालकांनी तिला टाळं लावलं. कामगारांना साठ दिवस आधी नोटीस द्यायला लावणारा अमेरिकी कायदा दुसऱ्याच दिवशी, ४ फेब्रुवारीला लागू होणार होता. यंत्रमागांच्या इचलकरंजीतल्या वाचकांना यातला अर्थ उलगडून सांगायची गरज नाही.

केल्डॉरला चाहत्यांनी जिवंत ठेवलं. २००२ मध्ये नवी मालिका आली तेव्हा पहिल्याच भागात दिसलं, की निळ्या कातडीचा केल्डॉर रँडॉरच्या तोंडावर फेकायला तेजाब उचलतो, ते उलटून त्याच्याच चेहऱ्यावर येतं आणि त्याचा स्केलेटर होतो. नातं मात्र तिथंही उघड बोललं गेलं नाही. ही मालिकासुद्धा ३९ भागांवर थांबली, कारण पुन्हा तेच, खेळणी अपेक्षेइतकी खपली नाहीत. २०२१ च्या नेटफ्लिक्सवरच्या मालिकेत केल्डॉर हा राजाचा भाऊ म्हणूनच येतो. तेव्हा हुपरीच्या वाचकांनी आपली पैज आता खुशाल वसूल करावी.

या पत्रामुळे एक गोष्ट सांगायची संधी मिळाली, जी मला या लेखमालेत कुठेतरी सांगायचीच होती. खलनायकांविषयीच्या थिअऱ्या ही रिकामटेकड्या पोरांची बडबड नव्हे. कथेत कुठे खाच पडली आहे हे चाहत्यांना अचूक कळतं. त्या खाचेत ते गुपित, सूड, हरवलेला भाऊ असं काहीतरी बसवतात. ती खाच मुळात कशाने पडली हे बघायला गेलं तर बहुतेक वेळा पैसे संपलेले असतात, करार तुटलेला असतो किंवा काम एका देशातून दुसऱ्या देशात गेलेलं असतं.

क्लेफेसचं उदाहरण घ्या. १९९२ च्या 'बॅटमॅन' मालिकेतली ही दोन भागांची गोष्ट: मॅट हेगन नावाचा नट, चेहरा बिघडलेला, आणि अखेर त्याचं सगळं अंगच चिखलमातीचं होतं. पहिल्या भागातला हेगन ओबडधोबड आहे. दुसऱ्या भागात तोच वितळतो, वाहतो, एका रूपातून दुसऱ्या रूपात असा शिरतो की बघताना श्वास अडकतो. एका तरुण मित्राची यावर सुंदर थिअरी होती: पहिल्या भागात तो अजून माणूस आहे म्हणून जड, दुसऱ्यात त्याने मातीपण स्वीकारलं म्हणून मोकळा. थिअरी मला मनापासून आवडते. पण पहिला भाग कोरियाच्या ॲकोम स्टुडिओने केला होता आणि दुसरा टोकियोच्या टीएमएसने. अमेरिकेतून दोघांना स्टोरीबोर्ड आणि मॉडेल शीट जायचे. मॉडेल शीट म्हणजे पात्र समोरून, बाजूने, पाठमोरं कसं दिसतं, रागात भुवई किती वर जाते, याचा तक्ता. तक्ता एकच असला तरी हात वेगळे, वेळ वेगळा, आणि टीएमएसचे लोक एका सेकंदात जितकी चित्रं भरायचे तितकी भरणं सगळ्यांना परवडत नव्हतं.

तुटलेल्या करारांची उदाहरणं तर कितीही देता येतील. 'यंग जस्टिस'चा दुसरा हंगाम संपतो तो व्हँडल सॅव्हेज आणि डार्कसाइड हे दोन खलनायक हातमिळवणी करतात तिथं. हे २०१३ साल. मॅटेलने खेळण्यांतून अंग काढून घेतलं, मालिका बंद झाली, आणि त्या हस्तांदोलनाचा अर्थ लावत चाहते सहा वर्षं बसले. 'वुल्व्हरिन अँड द एक्स-मेन'चं दुखणं आपल्या जवळचं आहे, कारण त्या मालिकेत त्रिवेंद्रमचा टून्झ स्टुडिओ भागीदार होता. २६ भागांच्या शेवटी खलनायक अपोकॅलिप्सचं राज्य येणार अशी चाहूल लागते. पुढच्या हंगामाच्या पैशांवर एकमत झालं नाही आणि ते राज्य कधी आलंच नाही.

आता आपल्या देशातल्या स्टुडिओंकडे येतो. इतर गावांत हे समजावून सांगायला मला पान खर्चावं लागलं असतं. इथं एका शब्दात काम होतं. आपले बहुतेक ॲनिमेशन स्टुडिओ खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याचं कापड मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्यांसारखे, आहेत. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. माग, वीजबिल आणि कामगार आपले, आणि हातात पडते ती पिकामागची, म्हणजे आडव्या धाग्यामागची, मजुरी. तसंच गोष्ट, पात्रं, आवाज, आराखडा बाहेरून येतो, इथली मुलं त्यात हालचाल भरतात आणि हिशेब मिनिटावर होतो. बाजार पडला की व्यापारी सूत द्यायचं थांबवतो, माग मात्र बँकेच्या कर्जावर उभा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जुना परदेशी समूह कोसळला तेव्हा बेंगळुरू आणि मुंबईतल्या हजारो कलाकारांच्या नोकऱ्या काही दिवसांत गेल्या. हॉलिवूडच्या मोठमोठ्या चित्रपटांतले प्राणी आणि राक्षस त्यांच्या हातून घडले होते. त्यांतला एकही राक्षस त्यांचा नव्हता.

शहापूरच्या सातवीतल्या एका मुलीचं पत्रही इथंच घेतो. ती म्हणते, "काका, 'निंजा हातोडी'तला अमारा वाईट नाहीच. केनिची अभ्यास करत नाही आणि सगळं हातोडीकडून करून घेतो. अमारा स्वतः मेहनत करतो. तरी दर वेळी तोच का हरतो?"

बाळ, तुझं निरीक्षण बरोबर आहे. हातोडी इगाचा, अमारा कोगाचा. इगा आणि कोगा हे जपानमधले शेजारशेजारचे खरेखुरे प्रदेश. दोन्हीकडे निंजांची परंपरा. म्हणजे मुळात हे वैर दोन तालमींमधलं आहे, सज्जन-दुर्जनाचं नाहीच. मोतोओ आबिको, म्हणजे फुजिको फुजिओ ए, यांनी १९६४ मध्ये ही चित्रकथा सुरू केली तेव्हा अमाराचं नाव केमुमाकी होतं, आणि जपानमध्ये आजही तेच आहे. तो हरतो, कारण ही रोज संपणारी आणि उद्या पुन्हा सुरू होणारी गोष्ट आहे. तो एकदा जिंकला तर दुसऱ्या दिवशी मालिका कुठून सुरू करायची? १९८७ ला थांबलेली ही मालिका २०१२ मध्ये पुन्हा निघाली ती भारतातल्या मुलांच्या प्रेमामुळे. त्या वेळी जपानच्या शिन-एई स्टुडिओबरोबर इथल्या रिलायन्स मीडियावर्क्सने काम केलं. अमारा आपल्या माणसांच्या हाताखालून गेला. त्याला एकदा जिंकवावं असं त्यांतल्या कुणाला वाटलं असेल, तरी तो निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

असा निर्णय एका चाहत्याने स्वतःच घेतला तेव्हा काय झालं, तेही सांगतो. 'डोरेमॉन'ला अधिकृत शेवट नाही. २००५ मध्ये जपानमधल्या एका हौशी चित्रकाराने शेवट रचला: डोरेमॉनची बॅटरी संपते, त्याला जागं करण्यासाठी नोबिता मोठा होऊन यंत्रमानवांचा अभियंता होतो. पुस्तिका छापली, ती हजारोंनी खपली. चित्रं इतकी मूळबरहुकूम होती की लोकांना तो खरा शेवट वाटू लागला. प्रकाशक शोगाकुकान आणि फुजिको प्रॉडक्शनने हरकत घेतली. २००७ मध्ये चित्रकाराने माफी मागितली, नफ्याचा वाटा दिला, प्रकरण मिटलं. तो शेवट मी वाचला आहे आणि तो फार चांगला आहे. तरीही हरकत घेणाऱ्यांची बाजू मला पटते. पात्र ज्याचं, शेवट त्याचा.

म्हणूनच आपल्याकडे स्वतःचे खलनायक घडू लागले याचं मला अपार अप्रूप आहे. व्ही. जी. सामंत यांचा 'हनुमान' २००५ मध्ये आला आणि इथं काढलेलं, इथल्या मालकीचं चित्र थिएटरात चालू शकतं हे दिसलं. हैदराबादच्या ग्रीन गोल्डकडे 'छोटा भीम'मधला किरमाडा आहे. पुण्याच्या रिलायन्स ॲनिमेशनच्या 'लिटल सिंघम'मध्ये 'काल' नावाचा खलनायक आहे. मुलं विचारतात, 'काल' मेला तरी परत कसा येतो? एक साधं कारण असं की नवा खलनायक उभा करायचा म्हणजे नवं रेखाटन, नवं मॉडेल शीट, नवा रिग (पात्र हलवण्यासाठीचा सांगाडा), ओठांचे आणि हातांचे नवे संच. जुन्याचा रिग तयार असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तासाभराचा चित्रपट वेळेत द्यायचा असेल तर तयार खलनायकाला उठवणं परवडतं. २०२५ च्या 'महावतार नरसिंह'मध्ये दिग्दर्शक अश्विन कुमार यांनी हिरण्यकश्यपूवर जी मेहनत घेतली ती बघा. वरदानाच्या अटी ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर जो हिशेब चालतो, तो काढायला वेळ लागतो. तो चित्रपट तीनशे कोटींच्या वर गेला.

इचलकरंजीतून पुण्याला ॲनिमेशन शिकायला गेलेली काही मुलं सुट्टीत वह्या घेऊन माझ्याकडे येतात. वह्यांत खलनायक असतात, आणि काही खरोखर दमदार असतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी कायद्याची चार वाक्यं लिहून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. नोकरीला लागण्यापूर्वी काढलेलं तुमचं आहे. त्या पानांवर तारीख घाला, शक्य तर नोंदणी करा. हक्क कुणाला द्यायचाच झाला तर कलम १९ प्रमाणे तो लेखीच द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क विकल्यावरही 'हे मी काढलं' असं म्हणण्याचा अधिकार कलम ५७ तुमच्याकडेच ठेवतं.