पूर आला की जबाबदारी कोणाची? कलम ४१ वाचताना

‘आपत्ती म्हणजे कलेक्टर ऑफिसचं काम.’ माझ्या रिसर्च प्रपोजलच्या पहिल्या मसुद्यात मीही जवळपास हेच लिहिलं होतं. गाइडनी एकच विचारलं, ‘कायदा वाचलास का?’ नव्हता वाचला. आपण सायन्सवाले पावसाचे आकडे दहादा तपासतो, जबाबदारी मात्र गृहीत धरतो.

तर आधी कायदा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम २५ नुसार जिल्हा प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. कलम ३१ प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा बनतो, त्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही कलम ४१ पर्यंत जा. तिथे ‘स्थानिक प्राधिकरणा’ची कर्तव्यं आहेत, आणि त्या शब्दाच्या व्याख्येत नगरपालिकांसोबत पंचायती राज संस्थाही येतात. म्हणजे ग्रामपंचायतसुद्धा!

कर्तव्यं चार: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, साधनं लगेच वापरता येतील अशी ठेवणं, हद्दीतली बांधकामं ठरलेल्या निकषांप्रमाणे होतील हे बघणं, आराखड्यानुसार मदत आणि पुनर्वसन. इंग्रजी मसुद्यात यांच्यासाठी ‘शॅल’ आहे, म्हणजे करावंच लागेल. इतर उपायांसाठी ‘मे’, म्हणजे करता येईल. पण सुरुवातीलाच एक अट आहे: जिल्हा प्राधिकरणाच्या निर्देशांना अधीन राहून. त्यामुळे ते निर्देश मिळवल्याशिवाय कोणालाही दोष देऊ नका.

आता भामरागडला या. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी इथे मिळतात. पर्लकोटेवरचा पूल पाण्याखाली गेला की गावाचा संपर्क तुटतो; असं अनेक पावसाळ्यांत घडलंय. गडचिरोलीहून मदत निघाली तरी ती नदीच्या अलीकडेच थांबणार. अशा वेळी गावातच तयार असलेलं सामान आणि शिकलेली माणसंच उपयोगी पडतात. कलम ४१ मधली पहिली दोन कर्तव्यं नेमकी याचसाठी आहेत.

म्हणून ‘आराखडा आहे का?’ हा संशोधन-प्रश्न अपुरा आहे. असं विचारा: बोट, दोर, टॉर्च कुठे आहेत? शेवटचं कधी तपासले? प्रशिक्षण कोणाला मिळालं, आणि तो माणूस अजून तिथेच आहे की बदली झाली? प्रत्येक उत्तरामागे नोंदवही किंवा प्रत्यक्ष पाहणी हवी.

सरावासाठी ब्रह्मपुरी तालुका घ्या. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्दमधून पाणी सोडल्यावर वैनगंगेकाठच्या गावांत पूर शिरला. तिथल्या एका ग्रामपंचायतीसाठी ही चार कर्तव्यं चार रकान्यांत मांडा. जो रकाना भरता येणार नाही, तिथून तुमचं संशोधन सुरू होईल.