‘चुनाम’ वृक्षमंडूक : नाव आणि निवास
एका वृक्षमंडूकजातीचे ‘चुनाम’ हे नाव इंग्रजीने तमिळमधून घेतले असले, तरी त्याचे मूळ संस्कृत ‘चूर्ण’ होय. मराठी ‘चुना’ हा त्याचाच वंशज. नावाप्रमाणेच हा प्राणीही घराशी निगडित असून न्हाणीघरात, भिंतींवर आढळतो. मादी पाण्याच्या वर फेसाचे घरटे करते व त्यातून भैकेर खालच्या पाण्यात पडतात. व्हिएतनाममधील शेवाळी वृक्षमंडूकही अंडी पाण्याच्या वरच चिकटवतो. म्हणून हौशी पालकांस काचपेटीत पाणी राखावे लागते. बारामती-इंदापूरच्या पर्जन्यछायेत मात्र बेडूक कोंडण्यापेक्षा पाणी टिकणे महत्त्वाचे. हौदाच्या काठी फेस दिसल्यास तो उपसू नये; भैकेरांस पाय फुटून शेपूट जिरेपर्यंत पाणी राहू द्यावे. एवढे संगोपन पुरेसे होय.