खरेदीखतापूर्वी वास्तूची परीक्षा

आपल्याकडे घर विकत घेणारा मनुष्य कागदपत्रांच्या बाबतीत सहसा गाफील राहत नाही. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल करवून घेणे, सातबारा उतारा किंवा मालमत्तापत्रक पाहणे, मिळकतीवर कोणाचा बोजा आहे काय याची खातरजमा करणे आणि मग दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्तऐवज नोंदवणे, ही सारी कामे तो स्वतः किंवा एखाद्या जाणत्या आप्ताच्या साहाय्याने नेटाने पार पाडतो. मुख्य दरवाजा कोणत्या दिशेला आहे आणि स्वयंपाकघर आग्नेयेस पडते की नाही, याविषयीही वडीलधाऱ्यांचे मत घेतले जाते. परंतु ज्या वास्तूसाठी हा सारा खटाटोप चालतो तिच्या भिंती, तिचे छत, नळ, विजेच्या तारा आणि न्हाणीघराच्या फरशीखाली दडलेला जलरोधक थर, यांची परीक्षा मात्र अर्ध्या तासाच्या फेरफटक्यात उरकली जाते. आयुष्यभराची पुंजी आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते जिच्यात गुंतवायचे ती वस्तू पारखून घेण्यासाठी जाणकार असा कोणीही माणूस ग्राहकाच्या बाजूने उभा नसावा, ही मला आपल्या व्यवहारातील फार मोठी उणीव वाटते.

पुष्कळांचा असा समज असतो की, कर्ज देणारी बँक आपला माणूस पाठवून घर पाहून घेते, त्या अर्थी ते धडधाकटच असले पाहिजे. हा समज निराधार आहे. कर्ज बुडालेच तर तारणातून रक्कम वसूल होईल की नाही, एवढे बँकेचा मूल्यांकनकार पाहतो; मोरीचा उतार उलटा आहे किंवा खिडकीच्या चौकटीतून पावसाचे पाणी आत येते, हे शोधणे त्याच्या कामात येत नाही. दलालाची दलाली व्यवहार पुरा होण्यावर अवलंबून असते, आणि विकसकाचा अभियंता हा विकसकाचा पगारी माणूस असतो. ज्याचे मानधन सौदा जमला काय आणि मोडला काय, तेवढेच राहते, दुरुस्तीचा मक्ता मिळवण्यात ज्याचा काही स्वार्थ नाही आणि जो आपले म्हणणे छायाचित्रांसह लेखी देतो, असा त्रयस्थ म्हणजे गृहतपासनीस. अमेरिकेत हा व्यवसाय चांगलाच रुजलेला आहे. तेथील गृहतपासनिसांची राष्ट्रीय संस्था १९७६ साली स्थापन झाली. न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला ठरावीक दिवसांत अशी तपासणी करवून घेण्याची, आणि गंभीर दोष निघाल्यास किंमत कमी करून मागण्याची अथवा सौद्यातून मोकळे होण्याची तजवीज करारातच करून ठेवता येते. तेथे तळघरातील रेडॉन वायूचे मापन होते, अंगणात जुन्या इंधनतेलाची टाकी पुरलेली आहे काय हेही पाहिले जाते. पुण्या-मुंबईत हे प्रश्न नाहीत. आपल्या घरांचा मुख्य शत्रू पाणी हा आहे, आणि म्हणून येथील तपासनिसाचा बराचसा वेळ पाण्याचा माग काढण्यात जातो.

नव्या सदनिकेत चांगला तपासनीस कसा काम करतो ते न्हाणीघरात उभे राहून पाहावे. तो प्रथम मोरीच्या जाळीपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी ओततो आणि काहीही न बोलता वाट पाहतो. पाणी नहाणी ट्रॅपकडे आपण होऊन वाहत गेले तर उतार बरोबर, दाराच्या उंबऱ्याशी किंवा कमोडच्या बुडाशी थबकून राहिले तर तेथे वर्षानुवर्षे ओल मुरणार हे निश्चित. मग तो एका नाण्याने किंवा लहानशा हातोडीने एकेक फरशी ठोकत जातो. खाली माल नीट भरलेला असेल तेथे आवाज भरीव येतो आणि पोकळी राहिली असेल तेथे तो लगेच बदलतो. अशी फरशी आज कितीही चकचकीत दिसली तरी तिच्यावर जड वस्तू पडताच ती तडकते. त्यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, परंतु घाई असल्यामुळे बहुधा टाळली जाते: मोरीचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवायचे, ते निदान चोवीस तास, शक्य तर अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवायचे आणि खालच्या मजल्यावर जाऊन तेथील छत पाहायचे. तेथे एक ओला डाग उमटला तरी जलरोधक थरात खोट आहे हे सिद्ध होते, आणि शेजाऱ्याशी पुढे होणारे कितीतरी कलह त्या एका डागापाशीच मिटवता येतात.

भिंतींसाठी ओळंबा आणि पाणसळ ही गवंड्याची जुनी साधने आजही तितकीच विश्वासू आहेत. त्यांच्या जोडीला ओलावामापक यंत्र आणि उष्णतेतील फरक टिपणारा कॅमेरा आला आहे. रंगाखाली लपलेली ओल डोळ्यांना दिसत नाही, परंतु ओला भाग कोरड्या भागापेक्षा थंड असल्यामुळे तो बहुधा कॅमेऱ्यात वेगळा उमटतो. विजेच्या प्रत्येक प्लगला अर्थिंग पोहोचले आहे काय, आणि अंगातून प्रवाह जाऊ लागताच तो तोडणारे ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी बसवले आहे काय, हे पाहणे तर जीविताच्या दृष्टीने अत्यावश्यक होय. चटई क्षेत्राचे मोजमापही याच वेळी व्हावे. कायद्याच्या व्याख्येनुसार त्यात घरातील आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरल्या जात नाहीत. करारनाम्यातील आकडा आणि प्रत्यक्ष फीत यांचा मेळ घालून पाहणारे ग्राहक मात्र विरळा.

जुन्या घराची गोष्ट निराळी. तेथे तपासनिसाला रंगकामाविषयी संशय बाळगावाच लागतो. चार भिंतींपैकी एकच नुकती रंगवलेली असेल तर तिच्यावर लोणा आला होता काय, असे विक्रेत्याला सरळ विचारावे. त्याहून गंभीर प्रश्न सळयांचा असतो. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्या अल्कतेमुळे आतील लोखंडावर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत गेला की ही अल्कता नष्ट होते, समुद्राकाठी क्षारांमुळे तो पापुद्रा आणखी लवकर भंगतो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीट आतून फाटते, आणि सळईच्या रेषेत लांबच लांब तडा दिसू लागतो. काँक्रीटच्या नुकत्याच फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीनचा फवारा मारला असता अल्कता शाबूत असलेला भाग गुलाबी होतो आणि निकामी झालेला तसाच राहतो. ही साधी परीक्षा पाहिल्यावर, तड्यावर नुसता गिलावा लिंपून घेण्यात काही अर्थ नाही हे कोणालाही उमगते. अशा इमारतीचे काम एकट्या गृहतपासनिसाचे राहत नाही, तेथे संरचना अभियंता हवा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हावयास हवी. मुंबईत तर तीस वर्षांवरील इमारतीसाठी महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५३-ब लागू होते. जुनी सदनिका घेणाऱ्याने संस्थेच्या चिटणीसाकडे शेवटचा अहवाल मागावा, आणि तो दाखवण्यास टाळाटाळ झाली तर इसाराची रक्कम खिशातच ठेवावी.

विक्रेत्यानेही तपासणीला भिऊ नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, खरेदीदारास ठाऊक नाही आणि सामान्य काळजी घेऊनही जो त्याला आढळण्याजोगा नाही, तो उघड करण्याचे बंधन विक्रेत्यावर आहे. आपण होऊन तपासणी करवून अहवाल समोर ठेवणारा विक्रेता दुरुस्तीचा खर्च किमतीत आधीच धरू शकतो आणि ऐनवेळी होणारी घासाघीस टाळतो.

आपल्याकडे गृहतपासनिसासाठी स्वतंत्र परवान्याची पद्धत नाही, म्हणून निवड डोळसपणे करावी लागते: तो स्थापत्य अभियंता आहे काय, पूर्वीच्या अहवालाचा नमुना दाखवतो काय, विकसकाकडून किंवा दुरुस्तीच्या ठेकेदाराकडून काही घेतो काय, हे प्रारंभीच विचारून घ्यावे. त्याच्या कामालाही मर्यादा आहेत. तो भिंती फोडत नाही, तेव्हा भिंतीत गाडलेल्या नळाची हमी तो देऊ शकत नाही, आणि तशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ज्यांनी घर घेऊन ताबाही मिळवला आहे, त्यांच्यासाठी वेळ गेलेली नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४ (३) अन्वये, ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष विकसकाच्या नजरेस आणून दिल्यास, तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे विकसकाचे कर्तव्य ठरते. न केल्यास महारेराकडे दाद मागता येते. तोंडी तक्रारीने हा हक्क शाबीत करणे कठीण जाते, आणि विकसकाच्या संमतीवाचून तोडफोड केल्यास ही जबाबदारी संपुष्टात येते अशी अट करारनाम्यात बहुधा घातलेली असते. तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती अशी की, आपले ताबापत्र काढून त्यावरील तारीख पाहा. पाच वर्षे भरावयाची असतील तर येत्या पावसाळ्यातच घर त्रयस्थाकडून तपासून घ्या, आणि निघालेल्या दोषांची यादी पोचपावती घेऊन विकसकाकडे लेखी पाठवा.