गेम खेळताना अंगठा दुखतो? कंट्रोलरची पकड तपासून पाहा

विदर्भातल्या शाळा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. तोवर नागपूरच्या उन्हात बाहेर पडता येत नाही आणि मुलांची दुपार कूलरसमोर गेम खेळण्यात जाते. अशा वेळी मूल "अंगठा दुखतो" म्हणाले की घरात उत्तर ठरलेले असते: "खेळणे बंद कर, म्हणजे थांबेल." एक-दोन दिवसांत थांबले तर काळजी नाही. पण पेन धरताना, बाटलीचे झाकण उघडताना मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला कळ येत असेल, तर दुखणे अंगावर काढू नका. दहावी-बारावीचे पेपरही याच हाताने लिहायचे असतात.

नेमके काय दुखते?

स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा झाली की बोगद्याचे आवरण जाड होते, कंडरा घासतात आणि दुखू लागते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेरवेन यांनी 1895 मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यांचेच नाव त्याला मिळाले. बाळाला वारंवार उचलणाऱ्या आईलाही तो होतो.

व्हिडिओ गेममुळे अंगठा दुखणे नवीन नाही. सलग पाच तास निन्टेंडो खेळलेल्या 35 वर्षांच्या एका महिलेच्या अंगठ्याच्या दुखण्याची नोंद 1990 मध्येच एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आली होती.

कंट्रोलरच्या आकाराचा संबंध काय?

तेव्हाचा निन्टेंडोचा कंट्रोलर सपाट आणि चौकोनी होता. 1994 च्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला दोन मुठी आल्या. त्यामुळे वजन तळहात आणि शेवटची बोटे पेलतात आणि अंगठा फक्त बटणांसाठी मोकळा राहतो. 2001 च्या पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर इतका मोठा होता, की जपानसाठी बनवलेला लहान कंट्रोलरच पुढे सगळीकडे दिला गेला. थोडक्यात, एकच माप सगळ्या हातांना बसत नाही. मोठ्यांच्या हाताला बेतलेला कंट्रोलर दहा वर्षांच्या मुलाचा अंगठा ताणतो.

मोबाइलला तर मूठच नसते. तोच अंगठा फोन धरतो आणि खेळतोही, म्हणून त्याला विसावा मिळत नाही.

घरी काय बदलाल?

• कंट्रोलर धरल्यावर मनगट सरळ आणि अंगठा किंचित वाकलेला असावा. स्टिकपर्यंत पोहोचायला अंगठा ताणावा लागत असेल, तर लहान आकाराचा कंट्रोलर निवडा.
• स्टिक टोकापर्यंत गेल्यावर आणखी जोर लावून काही उपयोग नसतो. रंगात आलेली मुले मात्र दाबतच राहतात. त्यांना पकड सैल ठेवायला सांगा.
• हात अधांतरी नकोत. मांडीवर उशी घेऊन त्यावर कोपर टेकवा.
• दुखणाऱ्या अंगठ्याचे बटण सेटिंगमधून दुसऱ्या बोटाकडे देता येते का, ते पाहा.
• दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे हात मोकळे ठेवा. या वेळात मोबाइल हातात घेतला, तर ती विश्रांती नव्हे.

डॉक्टरांकडे कधी जाल?

आठ-दहा दिवस खेळ थांबवूनही दुखत असेल, सूज असेल, किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्समध्ये ऑर्थोपेडिक ओपीडी आहे. मनगट लाल व गरम होऊन ताप आला, किंवा हातावर पडल्यानंतर दुखू लागले, तर त्याच दिवशी जा. मुलांना वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका.

बहुतेकांना विश्रांती, अंगठ्याचा पट्टा आणि नंतर व्यायाम यांनी आराम पडतो. काहींना स्टिरॉइडचे इंजेक्शन लागते. रुग्णाला मधुमेह असेल तर आधीच सांगा, कारण त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते. शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते.

तपासणीच्या वेळी रोज किती तास खेळता, हे खरे सांगा. रागावतील या भीतीने मुले तास कमी सांगतात आणि दुखण्याचे कारण लपून राहते. म्हणून मुलाला डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलू द्या. मग कंट्रोलर किंवा फोन कसा धरतो, तेही त्याला तिथेच करून दाखवू द्या.