गेलेला शाहीर पडद्यावर गातो तेव्हा

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे मिरचीच्या बाजाराचे गाव. तिथे एका कार्यकर्त्याच्या अंगणात पांढरी चादर बांधून आम्ही आनंद पटवर्धन यांचा 'जयभीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट दाखवला. पडद्यावर विलास घोगरे गाऊ लागले आणि कुजबुज थांबली. सजावट नाही, रोषणाई नाही. फक्त गाणारा माणूस आणि त्याचा आवाज.

पटवर्धनांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटासाठी घोगरे यांचे गाणे टिपले होते. पुढे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जणांचे बळी गेले. चार दिवसांनी घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यानंतर पटवर्धनांनी चौदा वर्षे चित्रीकरण केले, त्यातून हा माहितीपट उभा राहिला.

शेजारच्या आजींनी विचारले, "वकीलसायेब, हा मानूस गेला म्हणता, मंग हा गातोय कोन?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. न्यायालयात मेलेल्या साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करता येत नाही. इथे तो उभा होता आणि अंगण ऐकत होते.

आपल्या जलशांना हे भाग्य किती लाभले? भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून शब्द तरी उरले. पण कोणत्या ओळीला आवाज चढे, कुठे सभा हसे, हे पुस्तक कसे दाखवणार? ज्यांच्या कलेला कुणी दप्तरात जागा दिली नाही, त्यांचे दप्तर त्यांनाच सांभाळावे लागते.

आज बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. जयंतीला तो डीजेपुढच्या नाचाकडे वळतो. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या गायकाकडे वळत नाही. तरुणांनो, त्या माणसाची परवानगी घ्या. पहिल्या खाकरण्यापासून शेवटपर्यंत गाणे न तोडता टिपा. नाव, गाव, तारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्या. खर्च काही नाही. उशीर मात्र परवडणारा नाही.

त्या रात्री चादर सोडताना त्याच आजी बाबासाहेबांवरची एक ओवी गुणगुणत घराकडे निघाल्या. आम्ही ऐकत राहिलो. आमचा फोन खिशातच राहिला.